फक्की, मांजरपाट आणि नदी: गल्लीतल्या कलेतून नदीचं काम कसं सुरू करावं

नदीसाठी मी काढलेलं पहिलं चित्र साफ फसलं होतं. नाल्याकाठची एक लांबलचक भिंत मिळाली, दहा-बारा पोरं जमली आणि आम्ही तिच्यावर एक भलीमोठी निळी पृथ्वी काढली. पृथ्वीला नळ, नळाखाली ओंजळ आणि वर ठसठशीत अक्षरांत ‘पाणी वाचवा, जीवन वाचवा’. फोटो छान आले. पुढच्या पावसाळ्यात भिंतीला ओल धरली आणि ऑइलपेंटचे पापुद्रे सुटून नाल्यात पडायला लागले. म्हणजे नदी वाचवा म्हणून सांगणाऱ्या चित्रानं नदीत रंगाचा कचरा टाकला. दसऱ्याला बघितलं तर त्या पृथ्वीच्या पायथ्याशी निर्माल्याच्या पिशव्यांचा ढीग.

त्यानंतरच्या वर्षांत जे थोडंफार जमलं, त्यावरून हे लिहितोय. मी कोल्हापूरचा, त्यामुळे उदाहरणं पंचगंगेची आहेत. तुमची नदी वेगळी असेल, तुमच्याकडचं पाणी वेगळं वागत असेल, तेवढा फरक तुम्ही करून घ्या. चित्रकला येत नसली तरी अडत नाही. यातली सगळ्यात परिणामकारक दोन कामं करायला रेघही सरळ काढता यावी लागत नाही.

आधी नाला चालून या

नदीचं काम करायचं म्हटलं की सगळे घाटावर जातात. मी म्हणेन, घराजवळचा नाला गाठा. शहरातल्या माणसाचा नदीशी रोजचा संबंध नाल्यातूनच येतो आणि नेमका तोच त्याला ठाऊक नसतो. हुतात्मा पार्कजवळून वाहतो त्याला आज सगळे ‘जयंती नाला’ म्हणतात. जुनी माणसं जयंती आणि गोमती या नद्यांची नावं अजून घेतात. नदीचा नाला कधी झाला हे कुणी नोंदवून ठेवलेलं नाही, पण नाव बदललं की वागणं बदलतं. नदीत कचरा टाकताना हात जरा तरी अडखळतो, नाल्यात टाकताना अडखळत नाही.

तर पहिला रविवार फक्त चालण्यात घालवा. बरोबर दोघं-तिघं, एक वही, पेन्सिल आणि पायात जाड बूट. तुमच्या गल्लीचं सांडपाणी ज्या गटारात जातं तिथून सुरुवात करा आणि ते नदीला मिळतं तिथपर्यंत जा. मोबाइलवर नकाशा बघा, पण कागदावर स्वतःच्या हातानं काढा. कुठं पाइप सोडलाय, कुठं वास बदलतो, कुठं अजून उंबर-करंज तग धरून आहेत, खंड्या कुठं बसतो, सगळं टिपा. आमच्या पहिल्या फेरीत वहीत सगळ्यात जास्त नोंदी वासाच्या झाल्या. साबणाचा, शेणाचा, आणि एका वळणावर कसला ते कुणालाच सांगता येईना असा.

वाटेत माणसं भेटतील, त्यांच्याशी बोला. पण ‘नदीबद्दल तुम्हाला काय वाटतं?’ असं विचारू नका. त्याला सगळे शाळेतल्या निबंधासारखं उत्तर देतात. ‘तुम्ही पोहायला कुठं शिकलात?’ हे विचारून बघा. साठीच्या पुढचा कोल्हापूरकर असेल तर पुढची वीस मिनिटं तुम्हाला बोलावं लागणार नाही. पंचगंगा, रंकाळा, कोटीतीर्थ, कुणी पाठीला डबा बांधला, कुणी वरून ढकलून दिलं, सगळं येईल. मग हळूच विचारा, नातवंडं कुठं शिकतात? तिथं ते आपणहून थांबतात.

चालत आलेलं आधी बघा

‘लोकांना नदीशी जोडायचं’ हे वाक्य मला आता जरा उद्धट वाटतं. लोक जोडलेले असतातच, आपल्याला ते दिसत नाही.

आषाढात पंचगंगेला नवं पाणी आलं की कोल्हापुरात त्र्यंबोलीची, म्हणजे टेंबलाईची, यात्रा सुरू होते. मंगळवारी, शुक्रवारी गल्लीगल्लीतून मिरवणुका निघतात, डोक्यावर नव्या पाण्याचे कलश घेतलेल्या मुली, पुढं पी-ढबाक या वाद्यांचा आवाज, आणि ते पाणी टेंबलाईच्या टेकडीवर नेऊन देवीच्या पायरीवर ओततात. नदीला नवं पाणी आल्याची वर्दी अख्ख्या शहराला वाजतगाजत द्यायची! यापेक्षा मोठी सार्वजनिक कला कुठला चित्रकार काढून दाखवणार? भाद्रपदात बायका पाणवठ्यावरून तेरड्याची गौर आणतात. त्रिपुरी पौर्णिमेच्या पहाटे घाटावर हजारो पणत्या लागतात, पायऱ्यांवर रांगोळ्या पडतात आणि त्या रांगोळ्यांतून मंडळं आपापले विषय मांडतात.

तुमच्या गावातही असं काही असणारच. नदीची ओटी भरणं असेल, गंगापूजन असेल, नावाड्यांचा सण असेल. नवा उपक्रम उभा करण्याआधी याची यादी करा आणि त्यातल्या एकाला जोडून काम घ्या. फायदा उघड आहे. माणसं गोळा करावी लागत नाहीत, ती आलेलीच असतात. जोखीमही आहे. श्रद्धेच्या प्रसंगी तुम्ही उपदेशाचा फलक घेऊन उभे राहिलात की लोक तोंड फिरवतात, आणि बरोबरच करतात. आम्ही एका वर्षी कलश घेतलेल्या मुलींबरोबर आणखी एक काचेची बरणी दिली, त्याच पाण्यानं भरलेली. बस. गढूळ लाल पाणी, काचेतून दिसणारं. पुढच्या आठवड्यात दोन गल्ल्यांनी विचारलं, बरणी आमच्याकडंही देणार काय?

माणसं कोण घ्यायची

सुरुवातीला सात-आठ जण पुरतात. त्यात एक हिशेब ठेवणारा आणि एक सरकारी कार्यालयात न कंटाळता बसणारा असला पाहिजे. चित्रकार एक असला तरी चालतो. कोल्हापुरात तालीम किंवा तरुण मंडळ हाताशी धरल्याशिवाय गल्लीत काही उभं राहत नाही, आणि ते वाईट नाही. गणपतीत सजीव देखाव्यासाठी महिनाभर सराव करणारी पोरं तुमच्या पथनाट्यालाही मिळतात, शिवाय त्यांना लाइट कुठून ओढायची हे माहीत असतं.

एक चूक मात्र टाळा. नदीवरच्या बहुतेक चित्रांत खलनायक म्हणून कपडे धुणारी बाई आणि म्हैस धुणारा माणूस दाखवतात. मीही दाखवले होते. मग एका म्हशीवाल्या मामांनी मला घाटावर बसवून घेतलं आणि विचारलं, “मास्तर, माझी म्हैस दिवसातनं एकदा पाण्यात बसती. तुमच्या कॉलनीचं संडासाचं पाणी चोवीस तास येतंय. चित्रात तुमची कॉलनी कुठं हाय?” उत्तर नव्हतं. शहराचं सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी यांच्यापुढं धुण्याचा साबण किरकोळ आहे. आणि भोई, परीट, कुंभार, गवळी यांना नदीचं जेवढं कळतं तेवढं आपल्याला कळत नाही. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत पाणी शिरतं तेव्हा अर्ध्या घडवलेल्या गणपतींसकट शिरतं. त्यांना पुराविषयी फलक लावून काय सांगणार? त्यांना पहिल्या बैठकीला बोलवा, जमलं तर बैठक त्यांच्याच अंगणात घ्या.

आमच्या गटातले भोईसमाजाचे एक काका मासे ओळखण्यासाठी येतात. मरळ, वाम, शिंगटा ही नावं ते जुन्या मित्रांसारखी घेतात आणि बाहेरून आलेल्या चिलापीचं नाव घेताना तोंड वाकडं करतात. पुढं भिंतीवर आम्ही मासे काढले ते त्यांच्या सांगण्यावरून. मिशा किती, शेपूट कशी, हे पुस्तकातून बघून काढलेलं त्यांना चालत नव्हतं.

परवानगी

हा भाग कंटाळवाणा आहे, लवकर उरकतो. भिंत खासगी असेल तर मालकाची लेखी संमती घ्या, तोंडी नको. सोसायटीची असेल तर ठरावाची प्रत. सार्वजनिक भिंत, पूल, रस्ता असेल तर महापालिकेच्या विभागीय कार्यालयात अर्ज आणि पोलीस ठाण्यात त्याची प्रत. नदीपात्र, बंधारा यांच्याशी संबंध येत असेल तर जलसंपदा विभाग. मालमत्ता विद्रूपीकरण रोखण्याचा महाराष्ट्राचा १९९५ चा कायदा आहे, त्यात विनापरवाना रंगवणं बसतं, हेतू कितीही चांगला असो. अर्जाला रेखाचित्र, मोजमाप आणि कुठला रंग वापरणार ते जोडा. पोच घ्या आणि तिच्यावरचा आवक क्रमांक वहीत लिहा.

घाटाच्या जुन्या काळ्या दगडाला, समाध्यांना, देवळांना ब्रश लावायचा नाही. परवानगी मिळाली तरी नाही. बेसाल्टमध्ये शिरलेला रंग निघत नाही, आणि तो दगड तुमच्या चित्रापेक्षा देखणा आहे.

पहिलं काम: फक्कीची रेषा

नवख्या गटानं भिंतीपासून सुरुवात करू नये असं माझं ठाम मत आहे. फक्कीपासून करावी. तीच, कबड्डीचं मैदान आखायची पांढरी भुकटी. स्वस्त असते, पावसात धुऊन जाते, चुकलं तर पायानं पुसता येते.

कल्पना माझी नाही. ईव्ह मोशर या अमेरिकी चित्रकर्तीनं २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन आणि मॅनहॅटन भागांत समुद्रसपाटीपासून दहा फूट उंचीची रेषा रस्त्यांवर खडूच्या भुकटीनं मारली. मैदान आखायचं ढकलगाडं घेऊन ती चालायची आणि लोक थांबून विचारायचे, ही रेषा कसली? पुढं समुद्राचं पाणी कुठवर चढू शकतं, त्याची. २०१२ मध्ये सॅन्डी वादळ आलं आणि लोकांना ती रेषा आठवली.

आपल्याकडं भविष्याची रेषा काढायचीही गरज नाही, झालेल्या पुराची पुरते. पंचगंगेची इशारा पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. हे आकडे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतात, जुलैत सकाळी चहाच्या आधी ‘किती फूट?’ हाच प्रश्न असतो. पण ५५ फूट म्हणजे माझ्या दारात कुठं, हे नव्यानं राहायला आलेल्याला माहीत नसतं.

करायचं असं. गल्लीत २०१९ च्या पाण्याची एखादी खात्रीची खूण शोधा. कुणीतरी दाराच्या चौकटीवर खिळा मारलेला असतो, कुणी भिंतीवर तारीख लिहिलेली असते. मग गवंड्याकडची लेव्हल पाइप आणा, पारदर्शक नळी, पाणी भरलेली. तिचं एक टोक त्या खुणेला धरायचं आणि दुसरं टोक घेऊन पुढच्या खांबापर्यंत जायचं. नळीतलं पाणी दोन्हीकडं एकाच पातळीत थांबतं. तिथं खडूनं खूण करायची आणि पुढं सरकायचं. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर सगळं चुकतं, एवढं बघा. ही पद्धत एका गल्लीपुरती ठीक आहे. वाहत्या पुराचा पृष्ठभाग लांब अंतरावर सपाट नसतो, म्हणून पुढच्या गल्लीत पुन्हा नवी खूण शोधायची. जिथं पाण्याची पातळी जमिनीला टेकते, म्हणजे पूर जिथं येऊन थांबला होता, ते बिंदू फक्कीनं जोडत जायचं. खांबांवर, दुकानांच्या शटरवर मालकांना विचारून निळ्या सुती फितीची गाठ बांधायची. चिकटपट्टी नको, रंग निघतो आणि शिव्या बसतात.

आमच्या पहिल्या रेषेला दोन तास लागतील असं वाटलं होतं, दुपार झाली. कारण दर दहा फुटांवर कुणीतरी बाहेर यायचं. “हितं न्हाय वो, वर तिसऱ्या पायरीला लागलंतं पाणी.” मग दुसरं कुणी म्हणायचं, “तुमची पायरी तवा खाली होती, तुम्ही नंतर भर टाकली.” मग वाद, मग मोबाइलमधले जुने फोटो, मग चहा. एका आजींनी हातातली काठी भिंतीवर टेकवली आणि म्हणाल्या, इथं. नळी लावून बघितली तर दोन बोटांचा फरक.

भांडणंही होतील. एका अपार्टमेंटसमोर आम्ही रेषा मारून वळलो तोवर तिथला एक जण पाण्याची बादली घेऊन पुसायला आला. फ्लॅट विकायला काढलेत म्हणाला. त्याच्याशी हुज्जत घातली नाही. वहीत मात्र लिहिलं, कारण पूररेषा ही कुणासाठी पैशाची रेषा असते हे त्या दिवशी कळलं. पुढं पात्रात टाकलेल्या भरावाबद्दल अर्ज लिहिताना ते कामाला आलं.

एक सूचना. फक्कीच घ्या, कळीच्या चुन्याची भुकटी नको. ती हातापायाला आणि डोळ्यांना भाजते.

दुसरं काम: मांजरपाटाच्या पट्ट्या

हे मला सगळ्यात आवडणारं काम. खर्च जवळजवळ नाही, आणि परिणाम असा की शब्द लागत नाहीत.

पांढरा, न धुतलेला मांजरपाट घ्या. आम्ही इचलकरंजीहून आणतो. मुद्दामच, कारण पंचगंगेच्या प्रदूषणात त्या गावच्या कापडधंद्याचाही वाटा आहे, आणि तिथलंच कापड नदीत भिजून साक्ष देतं. हात-दीड हात लांबीच्या पट्ट्या फाडा. एकाच ताग्याच्या, एकाच मापाच्या. आधी साध्या पाण्यात उकळून खळ काढून टाका, नाहीतर कापडाला रंग नीट धरत नाही. एक पट्टी घरीच नळाच्या पाण्याच्या बादलीत ठेवा, तुलनेसाठी.

मग जागा निवडा. पंचगंगा कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती या पाचांची म्हणतात. प्रयाग चिखलीच्या संगमापासून ती पंचगंगा होते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. आम्ही पहिली पट्टी चिखलीला बांधतो, दुसरी घाटावर, तिसरी जयंती नाल्याच्या तोंडाखाली, चौथी राजाराम बंधाऱ्याच्या अलीकडं, पाचवी इचलकरंजीच्या खाली आणि सहावी नृसिंहवाडीला. काठावरच्या झाडाला सुतळीनं बांधायची, खाली दगडाचं वजन, पट्टी पाण्यात वीतभर खाली राहील अशी. सात दिवस. सगळ्या एकाच दिवशी सोडायच्या आणि एकाच दिवशी काढायच्या, त्यासाठी दोन मोटारसायकली आणि एक पूर्ण रविवार धरा. दिवाळीनंतर ते मार्चपर्यंतचा काळ बरा. पावसाळ्यात हे अजिबात करू नका. पोरांना पाण्यात उतरवू नका. काढणाऱ्यानं रबरी हातमोजे घालायचे, पायाला जखम असेल तर काठावर थांबायचं. घाण पाण्यातून जखमेवाटे होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप गमतीची गोष्ट नाही.

काढलेली पट्टी पिळायची नाही, धुवायची नाही. सावलीत वाळवायची. मग सगळ्या शेजारी शेजारी, नदीच्या क्रमानं, एका काठीवर टांगायच्या, प्रत्येकीखाली गावाचं नाव आणि तारीख, दुसरं काही नाही.

पहिल्या वर्षी चिखलीची पट्टी फिकट मातकट निघाली, नव्या चहाच्या गाळणीसारखी. घाटावरची तिच्यापेक्षा गडद, थोडी हिरवट. नाल्याखालची उचलली तेव्हा ती कापड राहिलीच नव्हती. राखाडी, बुळबुळीत, बोटाला चिकटणारी. वाळल्यावर कडक झाली, पापडासारखी, आणि वाळूनही तिचा वास गेला नाही. मंडळाच्या पटांगणात सहाही पट्ट्या टांगल्या, त्या दिवशी लोक चिखलीच्या पट्टीपासून चालत यायचे आणि तिसऱ्या पट्टीपाशी नाकाला रुमाल लावायचे. एका मुलीनं आईला विचारलं, “आपलं पाणी कुठल्या पट्टीत जातंय?” आईनं माझ्याकडं बघितलं. मी नकाशा पुढं केला. तोच, पहिल्या रविवारी हातानं काढलेला.

याला प्रयोगशाळेतली तपासणी समजू नका. ही पट्टी विरघळलेला प्राणवायू किंवा जंतू मोजत नाही. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातही विष असू शकतं, आणि गाळानं काळी झालेली पट्टी तितकी वाईट नसेलही. अर्जासोबत पट्टीचा फोटो जोडा, पण आकड्यांसाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडंच मागणी करा. केंद्रीय मंडळाच्या २०१८ च्या यादीत महाराष्ट्रातल्या ५३ प्रदूषित नदीपट्ट्यांत पंचगंगा होतीच, त्यामुळे तुम्ही काही नवा आरोप करताय असं कुणी म्हणू शकत नाही.

मग भिंत

हे दोन हंगाम झाल्यावर भिंतीकडं या. तोवर काय काढायचं ते तुमच्याकडं आपोआप आलेलं असतं.

घोषणा काढू नका. ‘स्वच्छ नदी सुंदर नदी’ वाचून कुणी थांबलेलं मी बघितलं नाही. त्या जागेची माहिती काढा. हा नाला कुठून येतो, इथून नदी किती चालण्यावर आहे, यात पूर्वी कुठले मासे होते, पाणी कुठवर चढलं होतं. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर, म्हणजे नदीच्या काठावरच, १९४० च्या दशकातल्या उत्खननात पॉसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ब्राँझची छोटी मूर्ती सापडली, ती टाउन हॉल संग्रहालयात आहे. दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रापलीकडचा जलदेव पंचगंगेकाठी येऊन राहिला होता, ही गोष्ट आम्ही भिंतीवर काढली आणि रिक्षावाले आता ती पाहुण्यांना सांगतात, जरा तिखटमीठ लावून.

रंगाचं म्हणाल तर, पाण्याजवळच्या भिंतीला ऑइलपेंट नाही आणि प्लास्टिक इमल्शनही नाही. दोन्हींचे पापुद्रे शेवटी पाण्यात जातात. जुनी चुनेगच्चीची किंवा साधी सिमेंटची भिंत असेल तर चुनाच मारा. कळीचा चुना लोखंडी पिंपात भिजवायचा, प्लास्टिकच्या बादलीत नको, उकळी फुटते तेव्हा बादली वितळते. आधी पाणी, मग त्यात थोडा थोडा चुना. डोळ्यांना चष्मा, आणि लहान पोरं त्या दिवशी तिथं नकोत. चार-पाच दिवस मुरू द्या, मग कापडातून गाळून ताकाइतका पातळ करा. थोडा डिंक भिजवून घाला. भिंत आधी पाण्यानं ओली करायची आणि कुंच्यानं तीन पातळ हात द्यायचे. एक जाड हात दिला तर तो वाळून भेगाळतो. आधीचा ऑइलपेंट असेल तर खरवडल्याशिवाय चुना धरत नाही, ही मेहनत गृहीत धरा.

रंग गेरू, काव, पिवडी, काजळी आणि नीळ यांचेच. पिवळ्यासाठी एकानं उत्साहानं हळद घातली होती. हळद चुन्यात पडली की लाल होते हे कुंकवाच्या देशात विसरलो, आणि आमचा पिवळा खंड्या... असो, खंड्या पिवळा नसतोच, तेही चुकलंच होतं. चुन्याचा रंग दोन-तीन पावसाळ्यांत उतरतो. उतरू द्या. दर दोन वर्षांनी पुन्हा मारायला माणसं जमतात.

चित्र एकानं आखायचं, बाकीच्यांनी भरायचं. भिंतीवर चौकोन पाडून घेतले की लहान रेखाचित्र मोठं करणं सोपं जातं. खालचे तीन फूट मुलांना द्या. रंगवलेलं वाकडं आलं तर दुरुस्त करू नका, ती मुलं आईवडिलांना तेवढंच दाखवायला आणतात. ब्रश आणि डबे नाल्यात धुवायचे नाहीत. सांगायला नको वाटतं, पण पहिल्या दिवशी आमच्यातल्या दोघांनी तेच केलं. एक पिंप ठेवा, त्यात धुवा, गाळ बसू द्या आणि तो कचऱ्यात टाका.

रांगोळी, दीपोत्सव करणार असाल तर चमकी नको, थर्माकोल नको, प्लास्टिकचे दिवे नकोत. पणत्या पाण्यात सोडण्याऐवजी पायरीवर लावा आणि सकाळी गोळा करणाऱ्यांची नावं आदल्या रात्रीच लिहून घ्या. लावायला पाचशे जण येतात, उचलायला पाच.

दुसऱ्या दिवशी

कामाच्या दुसऱ्या दिवशी एक अर्ज जायलाच पाहिजे, असा आमच्याकडं नियम आहे. रेषा मारली तर भरावाबद्दल, पट्ट्या टांगल्या तर नाल्यातून थेट नदीत जाणाऱ्या पाण्याबद्दल. जयंती नाल्याचं पाणी पंपानं उचलून कसबा बावड्याच्या सांडपाणी केंद्राकडं नेतात. पंप बंद पडला किंवा पाणी जास्त आलं की ते बांधावरून सरळ नदीत जातं. हे कुणीही पुलावर उभं राहून बघू शकतं. म्हणून आम्ही वार लावून घेतलेत. रोज एक जण कामावर जाताना पुलावर थांबतो, वाहतंय का बघतो, फोटो काढतो आणि वहीत वेळ लिहितो. ही वही घेऊन गेलो की कार्यालयात बसायला खुर्ची मिळते, नुसतं चित्र घेऊन गेलो तेव्हा मिळाली नव्हती.

किती लोक आले ते मोजू नका, कोण परत आलं ते लिहा. आमच्या पहिल्या रेषेच्या दिवशी शंभरावर माणसं होती, दुसऱ्या महिन्यात अकरा. त्या अकरांपैकी सात अजून आहेत. बादली घेऊन रेषा पुसायला आलेला तो गृहस्थ त्यात नाही, पण त्याचा मुलगा आहे.

आणि पट्ट्या टाकू नका. वाळलेल्या पट्टीला जुन्या वर्तमानपत्रात सैल गुंडाळा, आत कडुलिंबाचा पाला ठेवा, कसर लागत नाही. जागा आणि तारीख कापडाच्या कोपऱ्यावर पेन्सिलीनंच लिहा. पहिल्या वर्षी पेननं लिहिलं होतं, शाई फुटली आणि घाटाची पट्टी कुठली, बंधाऱ्याची कुठली, यावर आमच्यात अजून एकमत नाही.